पहिलं की दुसरं?

१

टाळीसाहेबांचा फायदा मोजायला घेतला, तर तो एवढा भरतो की त्यांना आधी पकडावं आणि चौकशी मागाहून करावी, असं कुणालाही वाटेल.

नाटकमंडळीचं सगळ्यात गाजलेलं नाटक एका जुन्या डिस्कवर होतं. त्यात चित्र एकच, पण आवाज दोन. पहिला आवाज प्रेक्षागृहातला: संवाद, टाळ्या, खोकले. दुसरा विंगेतला. पडद्यामागे उभं राहून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या काकूंच्या पदराला त्या दिवशी एक छोटा माइक लावला होता. हा दुसरा आवाज लावला की सगळं नाटक दोनदा ऐकू यायचं. नायकाचं प्रत्येक वाक्य आधी काकू बोलायच्या, मग नायक. "कोण आहे?" हेसुद्धा. "हो" हेसुद्धा.

नायक म्हणजे टाळीसाहेब. टाळी पडल्याशिवाय पुढचं वाक्य घ्यायचं नाही, या नेमामुळे पडलेलं हे नाव. एकदा वाचलं की पाठ, अशी त्यांची कीर्ती. कीर्ती त्यांनी स्वतःच पसरवली होती, त्यामुळे ती मजबूत होती. मंडळीच्या वर्धापनदिनाला, येत्या रविवारी, ते याच नाटकातला गाजलेला प्रवेश पुन्हा करणार होते. "विंगेत माणूस उभा करू नका," त्यांनी जाहीर केलं होतं, "अडचण होते."

आता विचार करा. दुसरा आवाज जगात नसेल, तर कुणाची झोप सुखाची?

आणि तो नाहीसा झाला.

डिस्क म्हातारी झाली होती. मंडळीचं चित्रण करणाऱ्या कॅमेरादादांनी ती मऊ कापडाने पुसून, मनधरणी करून शेवटची एकदा वाचून घेतली आणि तालीमखोलीतल्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, तिची प्रतिमा उतरवली. प्रतिमा म्हणजे डिस्कचा जसाच्या तसा साचा: चित्र, दोन्ही आवाज, सुरुवातीची पाटी, सगळं एका मोठ्या फाइलीत. मग त्याच मोठ्या फाइलीपासून त्यांनी एक दाबून लहान केलेली फाइल बनवली, पडद्यावर कशी दिसते ते बघायला. तिच्यात आवाज एकच, प्रेक्षागृहातला. मोठीचं नाव 'नाटक-१', लहानीचं 'नाटक-२'. त्यानंतर डिस्कने जी मान टाकली ती टाकलीच. कुठल्याही यंत्रात घातली की यंत्र ती तोंडातून परत काढून द्यायचं.

गुरुवारी सकाळी मशीन उघडलं, तर आत फक्त 'नाटक-२'.

यात काकूंचं काय गेलं ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मागे त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. आता जी काही उरली ती कुजबुज. त्यांच्या लेकीची लेक तीन वर्षांची, तिने आजीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. आणि विंगेतल्या त्या माइकवर नुसते संवाद नव्हते. प्रवेश बदलताना पेंगुळलेल्या लेकीला मांडीवर घेऊन काकूंनी म्हटलेली अंगाईही त्यात होती. रविवारी नातीला पुढच्या रांगेत बसवून ती ऐकवायची, असं ठरलं होतं.

तालीमखोलीच्या बरोबर खाली चष्म्याचं दुकान होतं. काकू जिना उतरून आल्या, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि कुजबुजल्या, "तू मंडळीची नाहीस, कुणाची नातेवाईक नाहीस. शोधून दे. रविवारच्या आत."

२

चष्मेवाल्या बाईंना सगळे 'पहिलं-की-दुसरं' म्हणत. एक काच लावायची, विचारायचं, "हे स्पष्ट?" काच फिरवायची. "की हे? पहिलं की दुसरं?" उभा जन्म या एका प्रश्नावर काढल्यामुळे त्यांना माणसांची एक गोष्ट पक्की कळली होती. दिसतं काय हे फार थोडे सांगतात. काय दिसायला हवं, ते सगळे सांगतात.

चौकशी त्यांनी दुकानातच ठेवली, तपासणीच्या खुर्चीवर. हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून बसलेल्या माणसाला खोटं बोलताना मान वळवता येत नाही, ही त्या खुर्चीची सोय.

पहिले कॅमेरादादा.

"माझा यात फायदा काय, ते आधी विचारा," ते बसता बसता म्हणाले.

"विचारते. काय?"

"शून्य! उलट नाक कापलं गेलं. ती डिस्क मी वाचली कशी ते माझं मला ठाऊक. चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा मी यंत्राच्या पाया पडलो."

"मग दोन्ही फाइली एकाच मशीनवर का ठेवल्या?"

"घरचं मशीन दुरुस्तीला. आणि तालीमखोलीतलं म्हणजे आपलंच की." मग दादा जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "जागा संपत आली होती म्हणा. म्हणून मंगळवारी मी चिटणीसांच्या सुनेला फोन केला. मी बाहेर शूटिंगला होतो, वरात चाललेली, कानाशी बँड. तिला म्हटलं, दोन्ही चालवून बघ, भारी ती ठेव, हलकी ती पुसून टाक. लहान फाइल काय, मी पुन्हा दहा बनवीन."

"ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली. पोर हुशार आहे. वर 'भारीच ठेवते दादा, काळजी नको' असंही म्हणाली."

"हे स्पष्ट? की हे?"

"दोन्ही सारखंच धूसर आहे हो बाई."

"दिवसभर कॅमेऱ्याला डोळा लावता, स्वतःचा नंबर कधी बघितलात?"

दुसरी आली ती चिटणीसांची सून. मंडळीचं मशीन, पडदा, दिवे हे सगळं तीच बघायची, कारण सासरे ते बिघडवायचे. बसायच्या आधीच तिने काउंटरवरची एक जाड काळी फ्रेम उचलून डोळ्यांवर चढवली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "ताई, ही फ्रेम भारी आहे हो!"

"थांब, हलकी देते," म्हणत बाईंनी ती तिच्या नाकावरून काढून घेतली आणि तारेसारखी एक बारीक फ्रेम पुढे ठेवली. "ही घे. लावल्याचं कळणारसुद्धा नाही."

सुनेचं तोंड उतरलं. पण सासरी राहून ती मोठ्या माणसांपुढे गप्प बसायला शिकली होती. बारीक फ्रेम तिने मुकाट्याने बाजूला ठेवली. बाईंनी ते उतरलेलं तोंड पाहिलं आणि चौकशीची भीती म्हणून मनाच्या वहीत टिपून ठेवलं. चुकीच्या पानावर टिपलं, हे मागाहून कळलं.

"मंगळवारी काय केलंस?"

"दादांनी सांगितलं तेच. दोन्ही चालवून बघितल्या, अगदी पडदा खाली सोडून. आणि हलकी होती ती पुसली."

"नक्की हलकी?"

"ताई, आंधळ्यालाही कळलं असतं. एवढा फरक होता."

समोरच्या अक्षरांच्या पाटीवरची शेवटची ओळ तिने घडाघडा वाचून दाखवली. डोळे घारीचे.

ती गेल्यावर बाई दाराशी उभ्या राहिल्या. दादांनी हलकी पुसायला सांगितली. सुनेने हलकी पुसली. दोघंही खरं बोलत होते, यावर बाई दुकानाची किल्ली पैजेला लावायला तयार होत्या.

मग वर मशीनमध्ये आज ही हलकी उरली कशी?

३

चिटणीसांना खुर्चीत बसवायच्या आधीच घाम फुटला होता.

"पंखा लावू?"

"नको, नको. मला घाम येतोच. सत्तेची सवय नाही ना."

मंडळीचे चिटणीस ते गेली कित्येक वर्षं बिनविरोध होते. बिनविरोध, कारण त्या पदाला प्रत्येक समारंभात भाषण करावं लागे आणि ते ऐकून घेण्यापेक्षा ज्याला हौस आहे त्यालाच ते करू द्यावं, असं सर्वांचं मत होतं.

"बाई, मी तुम्हाला सरळच सांगतो," ते हनुवटी टेकवून म्हणाले. "हे काम टाळीसाहेबांचं. मंगळवारी सून यायच्या आधी मी खोलीत डोकावलो. हे गृहस्थ मशीनशी एकटे! हातात पेनड्राइव्ह! मला बघताच खिशात टाकला आणि मला म्हणतात, 'आज उकडतंय, नाही?'"

"उकडत होतं?"

"उकडत होतं. पण म्हणून पेनड्राइव्ह?"

चिटणीसांचा हिशेब तयार होता. टाळीसाहेबांनी लहान फाइल पेनड्राइव्हवर घेतली. सुनेने मशीनवरची लहान पुसली. मग टाळीसाहेब मागाहून आले, मोठी पुसली आणि लहान परत आणून ठेवली. वर्धापनदिनाला नाटक दिसावं, पण विंग ऐकू येऊ नये. सापही मेला, काठीही शाबूत.

बेरीज बरोबर येत होती. बाईंना नेमकी त्याचीच शंका आली. काही गिऱ्हाइकं पाटीवरची ओळ बिनचूक वाचतात, तेव्हा त्यांना ओळ दिसत नसते, आठवत असते.

"आणि तुम्ही, चिटणीससाहेब? बुधवारी त्या मशीनवर तुम्ही काय करत होता?"

"मी? कुठे काय... तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीही सांगितलं नव्हतं. पण वरच्या खोलीतली खुर्ची सरकली की खाली दुकानात पाटी हलायची, आणि बुधवारी पाटी दुपारभर हलत होती.

चिटणीसांनी हनुवटी उचलली आणि दोन्ही हात जोडले. "बघितलं तर मशीनवर जागाच जागा झालेली. मला वाटलं, देवाने दार उघडलं. मी माझी सगळी भाषणं त्यात भरली. सगळी. पुढच्या पिढीसाठी."

बाईंनी डोळे मिटले. पुसलेली फाइल कधी कधी परत काढता येते, हे कॅमेरादादांनी त्यांना सांगितलं होतं. अट एकच, तिच्या जागेवर दुसरं काही चढवलेलं नसावं.

म्हणजे आता चोर सापडून भागणार नव्हतं. काकूंचा आवाज चिटणीसांच्या भाषणांखाली गाडला गेला होता. जगात दुसरीकडे कुठे असला तर असला.

४

टाळीसाहेब आले तेव्हा बाई एका गिऱ्हाइकाची तपासणी करत होत्या. ते गृहस्थ पाटी मोठ्याने वाचत होते. टाळीसाहेब बाकावर डोळे मिटून ऐकत बसले. त्यांची पाळी आली तसे ते रुबाबात खुर्चीत बसले, आणि बाईंनी बोट ठेवायच्या आत ती अख्खी ओळ खर्जात म्हणून दाखवली.

"छान," बाई म्हणाल्या. "फक्त पाटी मी मघाशीच उलटी केली. ही दुसरी बाजू आहे."

क्षणभर शांतता. टाळीसाहेबांनी ती टाळीची आहे का ते बघितलं. नव्हती.

"बाईसाहेब, नट डोळ्यांनी जगत नाही. कानांनी जगतो."

"मग कानांबद्दलच बोलू. दुसरा आवाज पुसला गेला. लोक तुमचं नाव घेतायत."

"घेऊ देत."

"पेनड्राइव्ह घेऊन कशाला गेला होता?"

"उकडत होतं," टाळीसाहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी खोकल्याची ढाल केली.

"चोर म्हणतील तुम्हाला."

"चोर म्हणू देत हो! चोराची भूमिका मी तीनदा केली आहे. विसर..." ते थांबले. "विषय बदला."

बाईंनी विषय बदलला. "बरं, रविवारच्या प्रवेशातलं ते वाक्य ऐकवा की. सगळे त्याबद्दल बोलतात."

टाळीसाहेबांना एवढंच हवं होतं. ते उठले. मान किंचित डावीकडे कलली, ओठ आतल्या आत हलले, आणि मग आवाज सुटला: "या दाराला यापुढे माझी सावलीसुद्धा लागणार नाही!"

'सावलीसुद्धा' म्हणताना ते दचकले. डोळे घट्ट मिटले, खांदे वर गेले, जणू कुणी कानात फुगा फोडला. दारातून उन्हाची तिरीप आली असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी दार ओढून घेतलं. "वा! पुन्हा एकदा?"

मान डावीकडे, ओठ हलले. "या दाराला यापुढे माझी सावली..." आणि पुन्हा तोच दचका, त्याच शब्दावर.

"डोळ्यांना काही होतं का?"

"अभिनय आहे तो," टाळीसाहेब म्हणाले आणि चष्मा न घेता, दाराऐवजी काचेच्या कपाटाकडे चालत जाऊन, मग दाराने बाहेर पडले.

चहा घेऊन काकू खाली आल्या. भाषणांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्या हसतच होत्या, पण चहात साखर घालायला विसरल्या होत्या.

"काय काय होतं हो काकू त्या दुसऱ्या आवाजात?"

"काय नव्हतं ते विचार," काकू कुजबुजल्या. "अंगाई होती. टाळीसाहेबाला घातलेल्या शिव्या होत्या, 'अरे टाळी संपली, बोल आता मेल्या.' तिसऱ्या अंकात तर मला अशी शिंक आली! पदर तोंडाशी धरला, म्हणून स्टेजवर की प्रेक्षागृहात कुणाला पत्ता लागला नाही. पण माइक होता पदरालाच. दादा म्हणाला, कानाला लावून ऐकलं तर कानठळ्या बसतात." त्यांनी कप खाली ठेवला. "आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द दिले गं. माझे मला तेवढेच उरले होते."

बाईंना बोलायला काही सुचलं नाही. काकूंनीच त्यांना वाक्य पुरवलं, सवयच ती. "'सापडेल' म्हण."

"सापडेल," बाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांना स्वतःलाच खोटा वाटला.

५

शनिवारी दुपारी सून पुन्हा दुकानात आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग धीर करून म्हणाली, "ताई, रागावू नका. परवाची ती भारीवाली फ्रेम अजून आहे का?"

"ती? अगं, नाकावर वळ उठतील. भारी आहे म्हणून तूच तर तक्रार केलीस."

"तक्रार?" सुनेने डोळे मोठे केले. "ताई, मी म्हटलं भारी आहे! म्हणजे भारी! मस्त! मला आवडली होती. तुम्ही काढून घेतलीत, मला वाटलं मला शोभत नसेल."

बाईंच्या हातातलं फडकं काचेवर थांबलं.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"भारी?"

"तू बस. फ्रेम घे, दोन घे. आणि सासऱ्यांना, दादांना, टाळीसाहेबांना, काकूंना, सगळ्यांना वर बोलाव. दादांना म्हणावं, त्याच काळातल्या, त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या एखाद्या डिस्कची प्रतिमा आणा, आणि तिची लहान फाइलही बनवून आणा. आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही!"

संध्याकाळपर्यंत तालीमखोलीत पडदा सोडलेला होता आणि पाच माणसं अंधारात खुर्च्यांवर बसली होती. बाई मशीनशी उभ्या. दादांनी मंडळीच्या मुलांच्या नाटकाची डिस्क आणली होती. पडद्यावर राक्षसाचा मुखवटा घातलेला एक मुलगा तलवार फिरवत होता.

"ही पहिली फाइल," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने बदलली. "ही दुसरी. आता सांगा. पहिलं की दुसरं?"

"दोन्ही उत्तम," चिटणीस म्हणाले. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नव्हतं.

"दुसरं," टाळीसाहेब म्हणाले. त्यांना पडदाच नीट दिसत नव्हता, पण शेवटचा शब्द त्यांनी ऐकला होता.

"दुसरी!" सून पुढे सरसावली. "त्यात विचारायचं काय? पहिलीत तलवार हलली की तिला कंगव्याचे दात फुटतात. हात हलला की हाताला दात. दुसरी एकदम साफ आहे. दुसरी भारी!"

"दुसरी कुठली भारी?" कॅमेरादादा ताडकन उठले. "काहीतरीच काय! पहिली भारी आहे! साडेचार जीबी! दुसरी तर हलकी, तिला कोण..."

आणि ते उभ्याउभ्याच थांबले.

सूनही थांबली. अंधारात फक्त राक्षस ओरडत राहिला.

"दादा," सून अगदी हळू म्हणाली, "तुम्ही भारी म्हणजे... वजनाने म्हणालात?"

"मग काय तराजू सोडून बोललो? फाइल भारी असते ती आकाराने!"

"मला वाटलं, दिसायला! तुम्हीच म्हणालात ना, दोन्ही चालवून बघ!"

"चालते की नाही ते बघ म्हणालो!"

बाईंनी दिवा लावला. "ध चा मा करायला निदान एक अक्षर बदलावं लागतं. इथे तेही लागलं नाही. हिने पडद्यावर बघितलं, जी भारी दिसली ती ठेवली, हलकी दिसली ती पुसली. मी स्वतः परवा हिच्या नाकावरून फ्रेम काढून घेतली ती याच शब्दापायी. पण दादा, मला एक सांगा. दाबून लहान केलेली फाइल अस्सल प्रतिमेपेक्षा चांगली दिसलीच कशी?"

दादा डोकं धरून बसले होते. कामाचं काही विचारलं की त्यांना बरं वाटे. "जुना कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत घ्यायचा. आधी एक सोडून एक ओळी, मग मधल्या. जुन्या टीव्हीवर दोन्ही बेमालूम मिसळायच्या. प्रतिमेत त्या अजून तशाच वेगवेगळ्या आहेत, म्हणून मशीनवर हलतं काही असलं की कंगवा दिसतो. लहान फाइल बनवताना मी त्या जोडून घेतल्या. प्रतिमेसाठी नुसतं एक बटण दाबायचं असतं."

"मग दाबा."

दादांनी दाबलं. तलवारीचे दात गेले. मुखवट्यावरचा रंगाचा ओघळसुद्धा दिसू लागला. मग तीच जागा दुसऱ्या फाइलीत लावली, तर राक्षसामागच्या काळोखात चौकोनी ठिगळंच ठिगळं.

"पहिलं," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पहिलीच भारी. दोन्ही अर्थांनी." आणि ती काकूंकडे वळली. "काकू, मीच पुसला हो तुमचा आवाज."

काकूंनी तिला जवळ घेतलं. गुन्हेगार सापडला होता, गुन्हा नव्हता, आणि आवाज तरीही गेलेलाच होता.

६

"अजून उठू नका," बाई म्हणाल्या. "टाळीसाहेब, तेवढं वाक्य म्हणा."

"आत्ता?"

"आत्ता."

मान डावीकडे. ओठ हलले. "या दाराला यापुढे माझी सावली..." दचका.

"काकू, तुम्हाला शिंक आली ती कुठल्या शब्दाला?"

काकूंनी डोळे बारीक केले. मग त्यांचा हात तोंडाशी गेला. "सावलीलाच गं!"

"प्रेक्षागृहात ती शिंक कुणी ऐकली नाही. स्टेजवरसुद्धा नाही. कानाला लावून दुसरा आवाज ऐकला तरच कानठळ्या बसतात. टाळीसाहेब, तो आवाज तुम्ही इतक्या वेळा ऐकलाय, की आता शिंक नसली तरी त्या शब्दावर शरीर शिंकेची वाट बघतं. माझी पाटीही तुम्ही कानांनीच पाठ केलीत. तुम्ही मंगळवारी काही ठेवायला आला नव्हता. न्यायला आला होता. काढा खिशातून."

टाळीसाहेब बराच वेळ उभे राहिले. इतका वेळ थांबूनही टाळी पडली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मग त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. वायर गुंडाळलेले इअरफोनही त्याच्यामागून ओघळले.

"माझ्या जावयाने सांगितलं, दोनांतली मोठी ती घ्या. मोठी म्हटल्यावर मी चुकणार कसा?" ते म्हणाले. "रात्रंदिवस ऐकतोय. कागदावरून एक ओळ राहत नाही डोक्यात. कधीच राहिली नव्हती. काकू बोलल्या तरच मला येतं. त्या बोलायच्या थांबल्या तशी मी कामंही घ्यायची थांबवली. लोकांना वाटलं, निवृत्त झालो."

"आणि माझा आवाज गेला म्हणून मी इथे चहाचे कप फोडत होते, तेव्हा तुम्ही तो खिशात घालून बसला होता?" काकूंची कुजबुज इतकी धारदार झाली की खिडकी बंद करावीशी वाटली.

"सोमवारी आणून ठेवणार होतो. रविवार पार पडू द्यायचा होता. चोर म्हणून घेतलं असतं काकू. विसरभोळा म्हणून घेववत नव्हतं."

"मेल्या," काकू म्हणाल्या. मग हसायला लागल्या. आवाज नसलेलं ते हसू, नुसते खांदे हलत होते, आणि पाठोपाठ सगळी खोली हलायला लागली. खाली दुकानात पाटीही हलली असणार.

आता कुणी काय किंमत भरली, तेवढं लिहून टाकू.

चिटणीसांनी सगळ्यात जास्त भरली. प्रतिमा मशीनवर परत घ्यायला जागा हवी होती, ती त्यांची भाषणं पुसून केली. पुढच्या पिढीने याबद्दल अजून तक्रार केलेली नाही. कॅमेरादादांनी भारी हा शब्द कायमचा सोडला. आता ते फोनवर आकडे सांगतात आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेतात. शिवाय चष्मा लागला. सुनेने जाड काळी फ्रेम घेतली, तिच्या नाकावर दोन वळ उठतात आणि ती ते मिरवते. बाईंनी पुढचं गिऱ्हाईक काही म्हणालं की "म्हणजे कसं?" असं विचारायची नवी सवय लावून घेतली. दुकानात वेळ जातो, पण फ्रेमा कमी परत येतात.

टाळीसाहेबांनी कीर्ती भरली, रोख, सगळ्यांसमोर. रविवारी ते स्टेजवर आले आणि त्यांनीच सांगितलं की दुसरा आवाज मोठा करा. सगळ्या प्रेक्षागृहात काकूंचा जुना, भरदार आवाज घुमला. आधी तो बोलला, मग टाळीसाहेब. 'सावली'ला ती शिंक आली आणि टाळीसाहेब स्टेजवरच उडाले. एवढी मोठी टाळी त्यांना उमेदीतही पडली नव्हती. त्यांनी ती संपेपर्यंत वाट बघितली, तोच वरून आवाज आला, "अरे टाळी संपली, बोल आता मेल्या!" मग दुसरी पडली.

शेवटी अंगाई लागली. काकूंनी या आवाजाची किंमत फार आधीच भरून ठेवली होती, त्यांच्याकडून कुणी काही मागितलं नाही. त्या पुढच्या रांगेत नातीला मांडीवर घेऊन बसल्या, आणि वरून येणाऱ्या आपल्याच आवाजाबरोबर ओठ हलवत राहिल्या. या खेपेला त्यांना वाक्यं पुरवणाऱ्या त्याच होत्या.

फुकट मिळालं ते एकट्या नातीला. तिने अंगाई शेवटपर्यंत ऐकली, आजीच्या गळ्याला हात लावून बघितला, आणि म्हणाली, "भारी! आता शिंक परत लाव."

भारी म्हणजे कसं, हे तिला कुणी विचारलं नाही. बाईंनीसुद्धा.